प्रश्नावली बाजूला ठेवा, आधी त्या मुलाची वही उघडा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: तुम्ही साताऱ्याजवळच्या माध्यमिक शाळेत आठवीला गणित शिकवता आणि 'कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगातील शिक्षण' यावर पीएच.डी. करायची म्हणता. शिक्षणशास्त्राचे सर म्हणाले विषय संगणकाचा आहे. संगणक विभागाने सांगितलं, तुम्हाला प्रोग्रॅमिंग येत नाही. दरम्यान तुम्ही 300 शिक्षकांचा 'एआयविषयीचा दृष्टिकोन' मोजायला 40 विधानांची प्रश्नावली तयार केलीत, आणि ती बघून सांगा असं म्हटलंय.

प्रश्नावली बघितली. मेहनत दिसते. पण ती पाठवू नका.

वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्या प्रबंधात मी हेच केलं होतं. 'संगणकामुळे अध्यापन प्रभावी होते', पुढे पूर्णतः सहमत, सहमत, सांगता येत नाही, असे रकाने. बहुतेकांनी सहमतवर खूण केली, तक्ते झाले, पदवी मिळाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत पाठनिरीक्षणासाठी एका शाळेत गेले. संगणक कक्षाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, आत संगणकांवर प्लास्टिकची कव्हरं तशीच. त्या शाळेतून मला सहा प्रश्नावल्या आल्या होत्या आणि सहाही जणांनी 'पूर्णतः सहमत' लिहिलं होतं. ते खोटं बोलले नव्हते, त्यांचं खरंच तसं मत होतं. मी मत मोजलं आणि प्रबंधाला नाव दिलं शिक्षणाचं. ती चूक अजून टोचते, म्हणून इतक्या सरळ सांगते आहे.

तुमचा खरा विषय तुमच्याच प्रश्नाच्या शेवटी आहे. वहीचा फोटो टाकून तुम्ही जाता जाता लिहिलंत की, 'पावणेतीन किलो शेवग्याच्या शेंगा, 80 रुपये किलो, किती रुपये?' हे उदाहरण एका मुलाने घरून अगदी बरोबर सोडवून आणलं. पावणेतीन म्हणजे अकरा छेद चार, गुणिले ऐंशी, उत्तर 220. फळ्यापाशी बोलावून तुम्ही विचारलंत, "हे अकरा कुठून आले?" तो गप्प. मग म्हणाला, आईच्या फोनवर चॅटजीपीटीला विचारलं होतं. आणि त्याची आजी मंडईत भाजी विकते, तिने तेच गणित तोंडी सांगितलं: "तीन किलोचं दोनशे चाळीस, पावाचं वीस गेलं, दोनशे वीस."

ताई, हा फोटो म्हणजे तुमच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण आहे. नीट बघा त्यात काय काय आहे. आजी वजाबाकी करते, कारण 'पावणेतीन' या शब्दातच वजाबाकी आहे: तीनला पाव कमी. शब्द ऐकला की रीत आपोआप हाताशी येते. फोनने दिलेली रीत शास्त्रशुद्ध आहे, पण त्या शब्दापासून तुटलेली आहे. मुलाकडे दोन्ही रीती होत्या, एक घरात आणि एक फोनमध्ये. त्यातली एकही त्याची झाली नाही. हे का झालं, हे एकट्या गणिताला सांगता येणार नाही, एकट्या संगणकशास्त्रालाही नाही. इथे भाषाशास्त्र लागतं, मानसशास्त्र लागतं, आणि त्या घरात फोन कुणाच्या हातात किती वाजता येतो हे कळायला थोडं समाजशास्त्रही लागतं. आंतरविद्याशाखीय म्हणजे मुखपृष्ठावर चार विषयांची नावं नव्हेत. प्रश्नच असा असतो की एका विभागात मावत नाही. तुमचा तसा आहे.

आता 'फोनवरून उत्तर घेतलं म्हणून मूल शिकलं नाही' एवढ्यावर थांबू नका. यावर चांगलं काम झालेलं आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या व्यवस्थापन आणि संगणकशास्त्राच्या अभ्यासकांनी इतरांना बरोबर घेऊन तुर्कस्तानातल्या एका शाळेत नववी ते अकरावीच्या जवळपास हजार मुलांवर गणिताचा प्रयोग केला. एका गटाला साधं चॅटजीपीटीसारखं साधन दिलं, दुसऱ्याला शिकवणी देणारं, आणि तिसऱ्याला फक्त वही-पुस्तक. सरावाच्या वेळी साध्या साधनवाल्यांचे गुण 48 टक्क्यांनी आणि शिकवणीवाल्यांचे 127 टक्क्यांनी जास्त आले. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली. साधं साधन वापरलेल्या मुलांना, ते कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा 17 टक्के कमी गुण पडले. शिकवणीवाल्या गटाचं तसं नुकसान जवळजवळ झालं नाही.

दोन्हींच्या मागे यंत्र एकच होतं. फरक होता तो त्याला दिलेल्या सूचनांत: थेट उत्तर सांगायचं नाही, आणि या उदाहरणात मुलं कुठे चुकतात, तिथे कोणता इशारा द्यायचा. ते इशारे शिक्षकांच्या अनुभवातून आले होते. तुम्हाला प्रोग्रॅमिंग येत नाही असं सांगणाऱ्यांना हे जरूर दाखवा. आठवीतला मुलगा पावणेतीनला 3.75 का लिहितो, हे पंधरा वर्षं वह्या तपासलेल्या बाईला माहीत असतं, आणि या संशोधनातला सगळ्यात दुर्मिळ माल तोच आहे.

जुन्या कामाकडेही एक नजर टाका, नाहीतर 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं तिथूनच इतिहास सुरू झाला असं वाटतं. इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' ही संगणकावरची शिकवणी 1960 साली सुरू झाली. बेंजामिन ब्लूम यांनी 1984 मध्ये लिहिलं की एकट्याने शिकवणी मिळालेलं सरासरी मूल, नेहमीच्या वर्गाच्या सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनं (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) वर जातं. एआयच्या जाहिरातींत हा आकडा सारखा भेटेल. त्याच्याशेजारी कर्ट व्हॅनलेन यांचा 2011 चा आढावा ठेवा: त्याच मापात माणसाच्या शिकवणीचा परिणाम 0.79, संगणकीय शिकवणीचा 0.76. म्हणजे माणसाची शिकवणीसुद्धा दोनच्या जवळपास नाही, आणि चांगलं घडवलेलं यंत्र माणसाच्या बरंच जवळ पोचतं. मार्गदर्शकांसमोर कुणी आकडा फेकला तर हे दोन हाताशी असू द्या.

आता वेगवेगळ्या विषयांच्या लोकांबरोबर बसण्याबद्दल, कारण खरी अडचण तिथे येते. आमच्या एका छोट्या प्रकल्पात अभियांत्रिकीचे एक प्राध्यापक, एक मराठीच्या बाई आणि मी असे तिघं होतो. दोन महिने आम्ही एकमेकांशी बोलत होतो आणि कुणालाच दुसऱ्याचं कळत नव्हतं. शेवटी लक्षात आलं की घोळ 'शिकणं' या एका शब्दाचा आहे. अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांच्या लेखी शिकणं म्हणजे मॉडेलची, म्हणजे संगणकातल्या एआयची, चूक कमी होत जाणं. माझ्या लेखी, आधार काढून घेतल्यावर आणि मध्ये दिवस गेल्यावरही जे टिकतं ते. रॉबर्ट बियॉर्क या मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर हाच फरक मांडला आहे: सरावाच्या वेळी दिसणारी कामगिरी वेगळी आणि शिकणं वेगळं. मराठीच्या बाई म्हणायच्या, मूल ते आपल्या शब्दांत सांगू लागलं की शिकलं. तिन्ही व्याख्या एका कागदावर लिहून भिंतीला लावल्या, तेव्हा काम पुढे सरकलं. तुम्ही हे पहिल्याच बैठकीत करा. 'अचूकता', 'अभिप्राय', 'मॉडेल' हे शब्दही त्याच कागदावर घ्या.

माणसं कुठे शोधायची? कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सांगलीचं वालचंद, दोन्ही तुमच्या टप्प्यात आहेत. भाषेसाठी तुमच्याच तालुक्याच्या कॉलेजातले मराठीचे प्राध्यापक बघा, बोलीवर काम केलेले असतील तर फारच उत्तम.

भाषेच्या बाजूवर जरा थांबते, कारण इथे आपल्याकडे असं काही आहे जे इंग्रजीत काम करणाऱ्यांकडे नाही. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन. आपली भाषा अपूर्णांक बोलते. पावणेतीन म्हणजे 2.75 आणि पावणेतीनशे म्हणजे 275. पाऊणशे म्हणजे 75, सव्वालाख म्हणजे 1,25,000. जुन्या माणसांना औटकीसुद्धा पाठ असायची, साडेतीनचा पाढा. आता चॅटजीपीटीसारखं यंत्र मजकुराचे तुकडे करून वाचतं, आणि त्याचं वाचन बहुतांशी इंग्रजीवर झालेलं असल्यामुळे देवनागरी शब्दाचे तुकडे सहसा जास्त पडतात. म्हणून हे तपासा: 'पावणे', 'सव्वा', 'साडे' असलेली वीस-पंचवीस उदाहरणं घ्या, तीच आकड्यांत लिहा, दोन-तीन साधनांना दोन्ही तऱ्हेने विचारा. उत्तर किती वेळा चुकतं ते नोंदवा. उत्तर बरोबर येऊनही समजावताना शब्द सोडून देतं का, हे त्याहून महत्त्वाचं. तारीख आणि साधनाची आवृत्ती लिहायला विसरू नका, ही साधनं महिन्या-महिन्याला बदलतात. या कामाला एक ओळही प्रोग्रॅमिंग लागत नाही.

संख्यांच्या नावांचा प्रश्न किती नाजूक आहे हे 2019 मध्ये महाराष्ट्राने पाहिलं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं आणि केवढा गदारोळ झाला. मंगला नारळीकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा मुद्दा मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो हा होता. टीका करणाऱ्यांचा मुद्दा भाषेच्या वारशाचा होता. मला दोन्ही मुद्दे खरे वाटतात. आता तिसरा वाचक आलाय, यंत्र, आणि तो या वादात कुठे उभा आहे हे कुणीतरी बघायला हवं.

मुलांबरोबरच्या कामाबद्दल. 300 नको, 30 मुलं घ्या, पण प्रत्येकाशी बसा. मानसशास्त्रज्ञ पियाजे जसा मुलांना एकेक उदाहरण देऊन 'कसं केलंस?' असं विचारत जायचा, तसं. साधनासह सोडवायला द्या, मग साधनाशिवाय, आणि पुन्हा तीन आठवड्यांनी. शेवटची चाचणी कंटाळून गाळू नका, सगळा निकाल तिथे असतो. फोनची माहिती विचारताना 'घरात स्मार्टफोन आहे का' एवढंच विचारू नका. आपल्याकडे बऱ्याच घरांत तो असतो, पण वडील कामावरून आल्यावर रात्री अर्धा तास मुलाला मिळतो, आणि बहीण असेल तर तिला त्यातूनही कमी. पाटणच्या खोऱ्यात रेंजचा प्रश्न वेगळा. ऊसतोडीच्या हंगामात काही मुलं वर्गात येतात आणि काही जातात, म्हणून चाचण्यांच्या तारखा गळीत हंगाम बघून ठरवा. मी एकदा नोव्हेंबरच्या तोंडावर सुरुवात केली आणि फेब्रुवारीत वर्ग ओळखू येईना.

कोपीवरच्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांतल्या, मुलांना 'नमुन्यात बसत नाहीत' म्हणून वगळू मात्र नका. कर्मवीरांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तेव्हा सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली ठेवली. शाळेच्या बाहेर कोण राहतंय हा प्रश्न या जिल्ह्याने फार आधी विचारलेला आहे. एआयबद्दल तोच पुन्हा विचारायचा आहे.

परवानगीचं काम हलक्यात घेऊ नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. संमतीपत्र साध्या मराठीत करा आणि वाचून दाखवा. तुम्ही त्यांच्याच बाई असल्यामुळे मुलं नाही म्हणणार नाहीत, म्हणून संमती दुसऱ्या शिक्षकाला घ्यायला सांगा. मुलाचं नाव, शाळेचं नाव, वहीचा फोटो यातलं काहीही साधनात चढवू नका. इथे टाकलेल्या फोटोत कोपऱ्यात त्या मुलाचं नाव दिसतंय, तो आजच काढा.

'एआयने लिहिलंय का' हे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर काहीच उभं करू नका. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी अशी सात सॉफ्टवेअर तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे स्वतः लिहिलेले निबंध त्यांनी सरासरी 61 टक्के वेळा यंत्राचे ठरवले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतलं. आपल्या मुलांवर असा आळ येऊ देऊ नका.

प्रवेशाचं सांगायचं तर, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी. आहे, किमान तीन वर्षं आणि साधारण सहा वर्षांची मुदत, आणि दुसऱ्या विभागाचा किंवा दुसऱ्या संस्थेचा सहमार्गदर्शक मंजुरीने घेता येतो. शिवाजी विद्यापीठात शिक्षणशास्त्रात नोंदणी करून संगणकाचा सहमार्गदर्शक मागा. तुमच्या दोन्ही विभागांच्या भांडणावर हाच मार्ग आहे. आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानात 2010 पासून पीएच.डी. होते, आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात गणित शिक्षणावर दीर्घकाळ काम चाललंय. नोकरी सोडून जाणं जमणार नसेल तरी त्यांचे प्रबंध आणि लेख वाचा. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, आधी 'अपूर्णांक' शोधा, 'एआय' नंतर.

शीर्षक तुमच्या सरांना दाखवायला तात्पुरतं देते: 'मराठी अपूर्णांकवाचक शब्द, संवादी एआय आणि इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांचे गणितीय स्पष्टीकरण'. लांब आहे, पण शिक्षणशास्त्रात बसतं.

येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की मंडईत त्या आजीकडे जा. तिला गणित विचारायला आलेय असं सुरुवातीला सांगू नका, वही दिसली की माणसं बोलायची थांबतात. आधी पावणेदोन किलो काहीतरी घ्या, मग दीड पाव, आणि ती पैसे कसे जोडते ते ऐका. त्यानंतर कशासाठी आलात ते सांगून तिची परवानगी घ्या, आणि जमेल तितकं तिच्याच शब्दांत लिहून काढा. तेवढं आणि 'पावणे'ची वीस उदाहरणं इथे टाका. मी रविवारी रात्री बसून बघते.