एका साध्या माणसाच्या आयुष्यात किती इतिहास मावतो?

माझ्या आजीचंच सांगतो. जन्म १९३१ चा, गेली २०२१ मध्ये, नव्वदीत. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा ती १६ वर्षांची, पण त्याबद्दल विचारलं की म्हणायची "शाळेत पेढे वाटले", संपलं! पानशेत मात्र तासभर सांगायची. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, खडकवासलाही गेलं आणि पाणी पुण्यात नदीकाठच्या पेठांमध्ये घुसलं, तेव्हा ही नारायण पेठेतून एका काखेत माझा बाप आणि दुसऱ्या हातात पितळी डबा घेऊन पळाली, सगळ्यांना वाटलं दागिने असतील, निघाले तांदूळ. ७२ च्या दुष्काळातली रेशनची लाल मिलो ज्वारी, तिच्या भाकरीला ती शेवटपर्यंत नावं ठेवायची.

मला सगळ्यात भारी वाटतं ते आण्यांचं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, १६ आण्यांचे १०० पैसे झाले, तरी ही कोथिंबिरीचा भाव आण्यातच करायची. २०११ च्या जूनअखेर २५ पैशांचं नाणंच बंद झालं, तेव्हा ऐंशीची आजी वैतागून म्हणाली, "आता चार आण्याला काय म्हणायचं रे?"