'ओव्हरसाइट'ला मराठीत काय म्हणावं?

एका अनुवादक मैत्रिणीची शंका आहे. एड्सविरोधी मदतीबद्दलच्या एका अमेरिकी कायद्याच्या नावात 'स्टुअर्डशिप अँड ओव्हरसाइट' असे शब्द येतात. संगणकाने 'ओव्हरसाइट'चं 'दुर्लक्ष' करून टाकलं. मग देखरेख म्हणावं, पर्यवेक्षण की नियंत्रण?

संगणक अगदीच वेडा नाही. इंग्रजीत या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, नजर ठेवणं आणि नजरचूक. आपल्याकडेही फार वेगळं नाही. 'ईक्ष्' म्हणजे पाहणं. त्याला 'परि' आणि 'अव' लागले की पर्यवेक्षण आणि नुसतं 'उप' लागलं की उपेक्षा! फक्त आपण दोन्ही कामं एकाच शब्दावर लादली नाहीत.

आता कायदा नेमकं काय करतो ते पाहू, म्हणजे शब्द आपोआप सापडेल. धाकट्या बुश यांच्या काळात, २००३ साली इतर देशांना एड्सशी लढायला मदत देणारी 'पेपफार' ही अमेरिकी योजना सुरू झाली ती पाच वर्षांत १५ अब्ज डॉलरच्या बोलीवर. २००८ साली क्षयरोग आणि मलेरिया धरून आकडा ४८ अब्जांवर गेला. २ डिसेंबर २०१३ रोजी ओबामांनी सही केलेल्या आपल्या या कायद्यात मात्र नवा आकडाच नाही. परराष्ट्र खातं, आरोग्य खातं आणि परदेशांना मदत देणारी तेव्हाची सरकारी संस्था यूएसएड यांच्या महानिरीक्षकांनी मिळून तपासणीचा आराखडा करायचा, योजनेचा वार्षिक अहवाल काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे ठेवायचा, असा सगळा मामला.

म्हणजे काँग्रेस स्वतः औषधं वाटत नाही की दवाखाने चालवत नाही, ती हिशेब मागते. म्हणून 'नियंत्रण' बाद. 'पर्यवेक्षण' चूक नाही, पण तो शब्द वाचला की माझ्या डोळ्यांपुढे दहावीच्या वर्गात बाकांमधून येरझाऱ्या घालणाऱ्या बाई येतात. उरली 'देखरेख'. गवंडी विटा रचतो आणि घरमालक संध्याकाळी येऊन सिमेंटची पोती मोजून जातो, ती देखरेख. इथे तोच शब्द हवा.

मैत्रिणीने विचारलं नाही, पण तिच्या मसुद्यात 'परदेशी मदतीवर देखरेख' असंही आहे, आणि मला ते जास्त खटकलं. किल्लारीच्या भूकंपानंतर परदेशी मदत आली, असं आपण म्हणतो. मराठीत परदेशी मदत बाहेरून आत येते. इथे ती अमेरिकेतून बाहेर जाते. वाचकाला वाटेल, अमेरिकेलाच कुणी पैसे दिले! दोन शब्द वाढले तरी चालतील, 'परदेशांना दिली जाणारी मदत' लिहा. शिवाय 'काँग्रेसने कायदा पारित केला' नको. काँग्रेस विधेयक संमत करते, त्याचा कायदा होतो तो राष्ट्राध्यक्षांच्या सहीनंतर. 'पारित' हिंदी बातम्यांतून आलाय, 'संमत' असताना त्याची गरज नाही.

राहिलं 'स्टुअर्डशिप'. 'विश्वस्तवृत्ती' जड वाटतं. दुसऱ्याच्या मालकीचं सांभाळून चालवणं, याला आपल्याकडे 'कारभार' हा जुना शब्द आहे. म्हणून मी 'पेपफार कारभार व देखरेख कायदा, २०१३' असं लिहीन. 'कारभारी' मात्र टाळा. गावाकडे बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात, आणि त्याच्यावरच्या देखरेखीला कुठल्या काँग्रेसची गरज लागत नाही.