युरियाची गोणी उघडू नका

प्रश्न : ताई, साकोली तालुक्यात माझं तीन एकर बारीक धान आहे. रोवणा (लावणी) जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात झाला. पोळ्याच्या आधी दोन रात्री वादळी पाऊस झाला आणि त्यानंतर आठ दिवसांत वरच्या बांधीतल्या (खाचरातल्या) पानांच्या कडा पांढऱ्या पडत गेल्या. आता खालची बांधीही लागली आहे. दुकानात करपा आला म्हणून सांगितलं, तर बुरशीनाशक आणि टॉनिक दिलं. दोन फवारण्या झाल्या, फरक नाही. धान पिवळं दिसतं म्हणून युरियाची एक गोणी मारा असंही सांगितलं. गोणी आणून ठेवली आहे. मारू का? सोबत चार पानं पाठवतो. आणि या धानाची तणस (पेंढा) बैलांना घातली तर चालेल का?

उत्तर : भाऊ, अंक हाती येईपर्यंत तुमचं धान निसवलेलं (लोंब्या बाहेर पडलेलं) असेल, म्हणून तुम्हाला उलट टपाली कळवलंच आहे. तरी इथे सविस्तर लिहिते, कारण या महिन्यात अशीच आणखी पत्रं आली आहेत आणि जवळजवळ प्रत्येकात ती युरियाची गोणी आहे.

गोणी उघडू नका. बाकी सगळं नंतर.

तुम्ही पाठवलेली पानं खिडकीजवळ धरून पाहिली. शेंड्यापासून सुरुवात झाली आहे, दोन्ही कडांनी पांढरट पट्टा खाली उतरला आहे आणि मधली शीर अजून हिरवी आहे. पट्ट्याची आतली बाजू सरळ नाही, नागमोडी आहे आणि तिथे पिवळी किनार दिसते. एका पानावर तर खसखशीपेक्षा लहान, पिवळे, वाळलेल्या डिंकासारखे दोन कण चिकटलेले मिळाले. हा कडा करपा आहे. तुम्ही दुकानात नुसतं ‘करपा’ म्हणालात आणि तिथेच घात झाला. नुसता करपा म्हणजे बुरशीचा रोग. त्याचे ठिपके पानाच्या मधोमध, डोळ्याच्या आकाराचे, दोन्ही टोकांना निमुळते आणि आत राखाडी असतात. कडा करपा जिवाणूचा. बुरशीनाशकाने जिवाणू मरत नाही, त्यामुळे तुमच्या दोन फवारण्या वाया गेल्या. टॉनिकबद्दल मी काही बोलत नाही, पुढच्या वेळी ते पैसे खिशात ठेवा.

टपालातलं पान वाळलेलं असतं, त्यामुळे पक्की खात्री तुम्हीच करायची. सकाळी ऊन चढायच्या आत बांधीत जा. असं पान निवडा ज्याचा थोडाच भाग पांढरा झाला आहे. जिथे हिरवा आणि पिवळा भाग भेटतो, तिथला दोन बोटं लांबीचा तुकडा ब्लेडने कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या, तुकड्याचं कापलेलं टोक पाण्यात बुडवा आणि ग्लास उजेडासमोर स्थिर धरा, हलवू नका. कडा करपा असेल तर काही मिनिटांत त्या टोकातून दुधी धूर निघावा तशी बारीक धार पाण्यात उतरताना दिसते. थोड्या वेळाने सगळं पाणी गढूळ होतं. ती धार म्हणजे जिवाणूच. उन्हाने, जस्ताच्या कमतरतेने किंवा तुडतुड्यांनी पान वाळलं असेल तर पाणी स्वच्छ राहतं. या तपासणीला खर्च काहीच नाही आणि कुठल्याही फवारणीआधी ती व्हायलाच हवी, असं मी आग्रहाने सांगते.

आता युरियाचं. धानाच्या पानाच्या टोकाला आणि कडेला पहाटे पाण्याचे थेंब असतात, ते आपण दव समजतो. त्यातले बरेचसे थेंब रोपानेच आतून बाहेर टाकलेले असतात. कडेला त्यासाठी बारीक रंध्रं असतात. पावसाच्या आणि बांधीच्या पाण्यातला जिवाणू याच रंध्रांतून आत शिरतो, किंवा वादळात पानं एकमेकांवर घासून जे ओरखडे पडतात त्यांतून. आत गेला की पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये तो वाढतो आणि नळ्या तुंबतात. पान पिवळं पडतं ते भुकेने नव्हे, पाणी अडल्यामुळे. अशा वेळी युरिया दिला की नवी पानं लुसलुशीत, रसरशीत फुटतात, गर्दी होते, आत हवा खेळत नाही आणि जिवाणूला हवं ते सगळं मिळतं. २५ ते ३४ अंश तापमान, दमट हवा आणि वाऱ्यासोबतचा पाऊस त्याला मानवतो. आपल्या झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हे सगळं असतंच, त्यात नत्राची भर आपण घालायची नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. लग्नानंतर ब्रह्मपुरी तालुक्यात आले तेव्हा कृषीची पदवी हातात होती. पहिल्याच खरिपात घराजवळची बांधी पिवळी दिसायला लागली. नत्र कमी पडलं असं मीच सासऱ्यांना सांगितलं आणि त्यांनी माझ्या शब्दावर युरिया फेकला. आठवड्याभरात बांधी गर्द हिरवी झाली आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात तणसासारखी पांढरी. लोंब्या आल्या, पण हातात घेतल्या की वजन लागत नव्हतं. सासरे एक शब्द बोलले नाहीत. मळणीनंतर पोचट धानाचा ढीग पाखडताना मात्र मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून पिवळी बांधी दिसली की मी आधी ग्लास काढते, मग खताचा विचार.

तुमच्या बांध्यांत आता काय करायचं? तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ओळ म्हणजे आधी वरची बांधी लागली, मग खालची. पाणी तसंच उतरतं ना? मग रोगही पाण्याबरोबर उतरला आहे. वरच्या बांधीचं धुऱ्यातलं (बांधातलं) तोंड बंद करा. तिचं पाणी खालच्या बांधीत न सोडता बाहेरच्या नाल्याने काढा. तीन-चार दिवस पाणी साचू देऊ नका, पण चिखल ओला राहू द्या. धान पोटरीत (लोंबी अजून खोडाच्या आत) असताना जमिनीला भेगा पडल्या तर दुसरंच नुकसान होईल. मग पातळ पाणी द्या, पुन्हा काढा. पानं ओली असताना बांधीत कुणी शिरायचं नाही, निंदायलाही नाही. आधी निरोगी बांधीतलं काम, शेवटी रोगट बांधीतलं. वाळलेली पानं तोडत बसू नका, प्रत्येक तोडलेलं पान म्हणजे नवी जखम.

पालाश दिलं होतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडे शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी आहे. एकराच्या हिशेबात पालाश २० किलो, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश साधारण ३३ किलो. युरियावर पैसे जातात आणि पोटॅशची गोणी राहून जाते, हे मी गावोगाव पाहते. राहिलं असेल तर आता थोडं द्या. त्याने लागलेला रोग हटणार नाही, पण पीक तग धरायला मदत होते.

फवारणीबद्दल स्पष्ट सांगते. जिवाणू पानाच्या नळ्यांत शिरल्यावर त्याला खात्रीने बाहेर काढेल असं औषध माझ्याकडे नाही. कॉपर ऑक्सिक्लोराईड १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम हे पानाच्या वर बसून नव्या शिरकावाला अडवतं, म्हणून ते मारायचंच तर अजून न लागलेल्या बांधीत, आणि फुलोऱ्यात मुळीच नाही. त्यात स्ट्रेप्टोमायसीनची पुडी मिसळायची जुनी पद्धत आहे. ती मी सांगणं सोडलं आहे. हेच औषध माणसाच्या क्षयरोगावर वापरलं जातं आणि शेतात त्याचा वापर थांबवण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्येच मसुदा काढला होता. तामिळनाडू कृषी विद्यापीठ ताज्या शेणाचं २० टक्के पाणी फवारायला सांगतं. दोन किलो ताजं शेण दहा लिटर पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून, रोग दिसताच एकदा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. घरी जनावरं आहेत तर हे करून बघायला हरकत नाही.

तणस बैलांना खुशाल घाला. हा जिवाणू धानाला लागतो, जनावराला नाही. कॉपर मारलेल्या बांधीची तणस मात्र वेगळी ठेवा आणि ती खाऊ घालू नका. रोगट तणस पऱ्ह्यांवर (रोपवाटिकेतल्या रोपांवर) अंथरायची नाही. बियाणंही या बांध्यांतलं ठेवायचं नाही, कितीही भरदार दिसलं तरी. कापणीनंतर धसकटं नांगरून टाका, त्यांना फुटलेले कोंब राहू देऊ नका आणि धुऱ्यावरचं गवत काढा. जिवाणू उन्हाळा तिथेच काढतो.

पुढच्या हंगामासाठी दोनच गोष्टी. पऱ्हे लांबले की रोवताना शेंडे खुडण्याची आपल्याकडे सवय आहे. खुडलेला शेंडा म्हणजे उघडं दार, बायांना रोवण्याच्या दिवशी सकाळीच सांगून ठेवा. दुसरी वाणाची. बारीक दाणाच हवा असेल तर सुधारित सांबा मसुरी बघा. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने आणि पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राने मिळून तयार केलेला हा वाण २००८ मध्ये आला. त्यात कडा करप्याला रोखणारी तीन जनुकं एकत्र आणली आहेत. त्यातलं एक मुळात आफ्रिकेतल्या जंगली भाताचं आहे. मुदत मात्र लांब आहे, म्हणून बोडीचं (लहान तळ्याचं) पाणी ऑक्टोबरपर्यंत पुरत असेल तरच घ्या. साकोलीचं कृषी संशोधन केंद्र तुमच्या जवळ आहे. तिथे ग्लास आणि पानं घेऊन एकदा जा, तुमच्या जमिनीला काय चालेल ते समोरासमोर विचारा.

प्रश्न : रोह्याजवळ आमची खाचरं आहेत. लावणीला पंधरा दिवस झाले आणि मधलेच काही आवे (रोपं) मान टाकून सुकत आहेत. शेजारचे खोडकिडा म्हणतात. कडा करपा एवढ्या लवकर येतो का?

उत्तर : येतो. कडा न पांढरी होता अख्खा आवाच मरतो असं त्याचं एक रूप आहे, आणि ते लावणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच दिसतं. रोग तुमच्या भागाला नवा नाही. भारतात त्याची शास्त्रीय नोंद १९५९ साली छापली गेली, ती महाराष्ट्रातल्याच भातावरून.

ओळखायचं असं. सुकलेला मधला पोंगा हलकेच ओढा. सहज निघून आला, बुडाशी कुरतडलेला दिसला, खोड चिरल्यावर अळी किंवा तिची विष्ठा मिळाली तर खोडकिडा. पोंगा निघत नसेल तर आवा उपटा, मुळाजवळ कापा आणि बुडखा दोन बोटांत दाबा. पिवळसर चिकट पाणी आलं तर जिवाणू. तसे आवे उपटून खाचराबाहेर पुरा, बांधावर टाकू नका, पावसाने परत आत येतात. रिकाम्या जागी त्याच तरव्यातली (रोपवाटिकेतली) रोपं सांधू नका. आणि युरियाचा दुसरा हप्ता जो या आठवड्यात द्यायचा असेल, तो नवे आवे सुकायचे थांबेपर्यंत पुढे ढकला.