उंदरांचा मोतीबिंदू थेंबांनी लांबतो, मग आईचा का नाही?

तुम्ही विचारलंय की आईला मधुमेह आहे, मोतीबिंदू सुरू झालाय, तर उंदरांवर गुण आलेले अँटीऑक्सिडंट थेंब तिला घालून बघावेत का?

नका घालू. असे थेंब मी स्वतः दीड वर्ष उंदरांच्या डोळ्यांत घातलेत, दिवसातून दोनदा, रविवार धरून.

प्रयोगासाठी मधुमेह घडवून आणणाऱ्या स्ट्रेप्टोझोटोसिन या औषधाचं एक इंजेक्शन दिलं की उंदराच्या शरीरात इन्सुलिन बनणं जवळजवळ बंद पडतं. मग तो इतकं पाणी पितो आणि इतकं मुततो की पिंजऱ्यातला भुसा रोज बदलावा लागतो. मला संशय आला तो भुशावरूनच. थेंबवाल्या गटातले तीन पिंजरे कायम कोरडे. साखर मोजली, तर त्या उंदरांना मधुमेह धड झालाच नव्हता. साखर कमी म्हणजे मोतीबिंदू उशिरा येणारच, त्यात थेंबांचं कर्तृत्व काय? माझ्या संशोधनाच्या गाईडना म्हटलं, हे उंदीर वगळू. ते म्हणाले, "आधीच संख्या कमी आहे, सरासरीत जिरेल." जिरलं! आलेख काय देखणा आला. मी पेपरवरून माझं नाव काढायला सांगितलं, तर हेकट ठरलो.

म्हणून असा लेख हाती आला की आधी थेंबवाल्या आणि बिनथेंबाच्या, दोन्ही गटांच्या साखरेचा तक्ता शोधा. नसेल तर पुढचं वाचू नका. थेंब कधी सुरू केले तेही बघा. आम्ही इंजेक्शनच्याच आठवड्यात केले होते, डोळ्यातलं भिंग स्वच्छ असताना; आईचा मोतीबिंदू तर सुरू झालाय. शिवाय रॅटच्या, म्हणजे प्रयोगातल्या मोठ्या उंदराच्या, भिंगात अल्डोज रिडक्टेज नावाचं एंझाइम भरपूर असतं. ते साखरेचं सॉर्बिटॉल करतं, हे सॉर्बिटॉल आतच अडकतं, भिंग पाणी ओढून फुगतं आणि काही आठवड्यांत पांढरं पडतं. माणसाच्या भिंगात हे एंझाइम बरंच कमी.

माणसांसाठी विकल्या जाणाऱ्या एन-ॲसिटिलकार्नोसिन या अँटीऑक्सिडंटच्या थेंबांचा कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने, २०१७ मध्ये आढावा घेतला. या थेंबांनी मोतीबिंदू थांबतो किंवा मागे फिरतो याचा पटेल असा पुरावा सापडला नाही.

अँटीऑक्सिडंट थोतांड आहेत असं मात्र मी म्हणत नाही. मधुमेहात भिंगातलं ग्लुटाथिओन, म्हणजे शरीराचं स्वतःचं अँटीऑक्सिडंट, खरोखर घटतं. आणि मी डॉक्टर नाही, माझा अनुभव पिंजऱ्यांपुरता. पण आईची साखर वरखाली होत असेल तर नुसत्या त्यानेही चष्म्याचा नंबर बदलतो, धूसर दिसतं. डोळ्याचा पडदा तपासून घ्या. रोजची कामं अडायला लागली की ऑपरेशन आहेच.

तो लेख कुठला ते मात्र कळवा. साखरेचा तक्ता मी बघतो.