चौदा रिलेंचं कोटेशन आणि वर्षभराचं वीजबिल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घर स्वतःचं आहे. आठ एलईडी दिवे, चार पंखे, एक गिझर आणि एक एसी अशा चौदा पॉइंटांवर स्मार्ट रिले, म्हणजे मोबाइलवरून चालू-बंद करता येणारे स्विच, बसवून देण्याचं कोटेशन मिळालंय आणि त्याची रक्कम जवळजवळ तुमच्या वर्षभराच्या वीजबिलाएवढी आहे. बसवणारा सांगतो, बिल तीस टक्क्यांनी उतरेल. पैसे बारा बिनव्याजी हप्त्यांत द्या, किंवा रोख देऊन दहा टक्के सूट घ्या, पण ऑफर रविवारपर्यंतच. घरात महिन्याला सरासरी 210 युनिट वीज लागते. सकाळी लावलेला गिझर बऱ्याचदा संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात येतो. सासूबाईंना गुडघ्यांमुळे रात्री उठून स्विचपर्यंत जाणं जड जातं. आणि आकस्मिक निधी सध्या दोन महिन्यांच्या खर्चापुरताच आहे. घ्यावं का?

चौदा घेऊ नका. एक घ्या, फार तर दोन. आणि हप्त्यावर तर मुळीच नको.

आधी ते तीस टक्के तपासू. वर्षाला तुमची 2520 युनिट होतात, त्याचे तीस टक्के म्हणजे साधारण 750. रिले बसवल्याने कुठलंही उपकरण कमी वीज खायला लागत नाही. दहा वॉटचा दिवा दहाच वॉट घेतो. वाचतात ते फक्त विसरून चालू राहिलेले तास. म्हणजे 750 युनिट वाचायची तर तुमच्या घरात आज तेवढी वीज निव्वळ विसरण्यापायी जात असली पाहिजे. जाते का?

आठही दिवे रोज एकेक तास उगाच जळतात असं धरू. दिवसाला 80 वॉट-तास, वर्षाला 29 युनिट (एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास). चार साधे पंखे, प्रत्येकी 75 वॉटचे, तेही रोज एकेक तास रिकाम्या खोलीत फिरतात असं समजू. वर्षाला 110 युनिट. दोन्ही मिळून 139. हे मी सढळ हाताने धरलंय. रोज प्रत्येक खोलीत तासभर विसरणारं घर तसं विरळाच.

आता कोटेशनमध्ये कधीच नसणारी बाजू. स्मार्ट रिलेच्या आत, तारेच्या वेटोळ्याने ओढली जाऊन 'टक्' करणाऱ्या संपर्कपट्टीसोबत, वाय-फायची एक चिप असते. तुमच्या आज्ञेची वाट पाहत ती चोवीस तास जागी असते. असं एक मॉड्यूल स्वस्थ बसूनही साधारण अर्धा ते एक वॉट घेतं. एक वॉट वर्षभर म्हणजे पावणेनऊ युनिट. दिव्या-पंख्यांवरच्या बारा रिलेंचे होतात 105 युनिट. वाचवले 139, खाल्ले 105, उरले 34. मॉड्यूल उत्तम प्रतीचं, अर्ध्या वॉटचं असेल तर 85-90 उरतील. वर्षभरात, बारा पॉइंट मिळून.

नुसत्या दिव्याचा हिशेब तर आणखी बोलका आहे. एका वॉटचं मॉड्यूल दिवसाला 24 वॉट-तास घेतं. दहा वॉटच्या दिव्यावर ते बसवलं, तर तो दिवा आज रोज जवळपास अडीच तास विनाकारण जळत असेल तरच बरोबरी होते. त्याहून कमी विसरत असाल तर रिले बसवल्यावर बिल वाढेल. साठ वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बांच्या काळात हे गणित वेगळं असतं. एलईडीने दिव्यांतली बचत आधीच उचलली आहे, रिलेसाठी फारसं काही शिल्लक ठेवलेलं नाही.

गिझरची गोष्ट निराळी, आणि तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा तपशीलही तोच. पण इथेही एक गैरसमज आहे. दोन किलोवॉटचा गिझर दहा तास चालू राहिला म्हणजे वीस युनिट गेली, असं होत नाही. पाणी तापलं की थर्मोस्टॅट पुरवठा तोडतो. त्यानंतर टाकीच्या भिंतीतून जी उष्णता झिरपते तेवढीच भरून काढायला तो अधूनमधून पेटतो. टाकीचं माप आणि इन्सुलेशन पाहता घरगुती गिझरमध्ये ही गळती चोवीस तासांना ढोबळमानाने अर्धा ते एक युनिट असते. तुमचे दहा जास्तीचे तास धरले तर दिवसाला सुमारे 0.3 युनिट, वर्षाला 110. एकट्या गिझरवरच्या रिलेचा स्वतःचा खर्च वजा करून शंभरेक युनिट उरतात. म्हणजे बारा पॉइंट एकत्र मिळून जे देतात त्याच्या तिप्पट हा एक पॉइंट देतो.

एसी यादीतून काढूनच टाका. चालत्या एसीचा पुरवठा रिलेने तोडणं कॉम्प्रेसरला मानवत नाही, आणि रिमोटवर टायमर आधीपासून आहेच. तापमान एका अंशाने वर ठेवलंत तर वापर साधारण पाच-सहा टक्क्यांनी कमी होतो, त्याला कोटेशन लागत नाही. उलट घरी पोचायच्या आधी मोबाइलवरून एसी लावून ठेवायची सोय जाहिरातीत मोठ्या अक्षरात असते. ती सोय आहे, मान्य, पण बिल वाढवणारी.

सगळी गोळाबेरीज केली तर एसी सोडून तेरा पॉइंटांची निव्वळ बचत वर्षाला 135 युनिटच्या आसपास येते. तुमच्या वापराच्या पाच टक्क्यांहून थोडी जास्त. खर्च 2520 युनिटांच्या बिलाएवढा. भागाकार केला तर पैसे वसूल व्हायला अठरा-एकोणीस वर्षं. दोन गोष्टी या आकड्याला थोडं हलवतात. वापर वाढेल तसा दर चढत जाणारी टप्पेवार आकारणी तुम्हाला असेल, तर वाचणारी युनिट सगळ्यात महाग टप्प्यातली असतात, त्यामुळे वसुली जरा लवकर होईल. दुसरीकडे बिलातला स्थिर आकार एक युनिट वाचवलं काय नि शंभर वाचवलं काय, तेवढाच राहतो. तुमच्या बाजूने कितीही ताणलं तरी हा आकडा दहा वर्षांच्या आत आणणं मला जमलं नाही. एवढी वर्षं हे मॉड्यूल, त्याचं ॲप आणि ती कंपनी तिन्ही टिकतील यावर मी तुमचे पैसे लावणार नाही.

कंपनी टिकण्याचा मुद्दा उगाच काढलेला नाही. रिव्होल्व्ह नावाचा हब, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं एका जागेवरून चालवणारी डबी, 'आजीवन सेवा' म्हणून विकला गेला होता. नेस्ट या स्मार्ट उपकरणांच्याच कंपनीने रिव्होल्व्ह कंपनी विकत घेतली आणि 2016च्या मे महिन्यात सेवा बंद केली, घरोघरचे हब निकामी झाले. 2022च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट स्विच बनवणाऱ्या कंपनीचे सर्व्हर असेच अचानक बंद पडले. पुढे ग्राहकांपैकीच काहींनी ती कंपनी विकत घेऊन पुन्हा चालू केली, पण असं दरवेळी होत नाही. म्हणून जे एक-दोन रिले घ्याल ते इंटरनेट नसतानाही घरच्या घरी चालणारे घ्या. आणि भिंतीवरचा जुना स्विच रिलेच्या स्विच-इनपुटला जोडून ठेवायला सांगा, म्हणजे ॲप रुसलं तरी बोटाने दिवा लागेल.

हप्त्यांकडे वळू. रोख दिल्यास दहा टक्के सूट असेल तर 'बिनव्याजी' या शब्दावर जाऊ नका. आज 90 देऊन सुटणारी वस्तू तुम्ही बारा महिन्यांत 100 देऊन घेताय. उसने घेतलेले 90 दर महिन्याला फिटत जातात, म्हणजे सरासरीने ते तुमच्याकडे वर्षभर नाही, जेमतेम सहा-साडेसहा महिनेच राहतात. त्यावर दहा जादा. हा दर वर्षाला साधारण वीस टक्के पडतो. वर्षाला पाच टक्के वीज वाचवण्यासाठी वीस टक्क्यांचं कर्ज! प्रक्रिया शुल्क असेल तर ते आणखी वेगळं.

आणि ज्या घरात आकस्मिक निधी दोन महिन्यांचा आहे, त्या घराने वर्षाच्या वीजबिलाएवढी रक्कम भिंतीत बसवू नये. नोकरी गेली तर भिंतीतला रिले विकता येत नाही. निधी निदान सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत न्या. हप्ता भरायची तयारी होतीच ना? तीच रक्कम बारा महिने निधीत टाका.

बिलच कमी करायचं असेल तर पैसे दुसरीकडे जास्त काम करतात. तुमच्या चार पंख्यांपैकी सगळ्यात जास्त फिरणारे दोन बदला. बीएलडीसी मोटरचा (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा जवळजवळ तेवढाच वारा 30-35 वॉटमध्ये देतो, म्हणजे तासाला 40 वॉट-तास वाचतात, तेही पंखा गरजेने चालू असताना. रोज दहा तास धरले तर दोन पंख्यांचे वर्षाला 290 युनिट. चौदा रिलेंच्या दुपटीहून जास्त. हे पंखे बहुधा रिमोटसहच येतात, त्यामुळे त्यांच्यावर रिलेची गरजही उरत नाही. (रिमोटवाला पंखाही बंद असताना थोडी वीज घेतो, पण या फरकापुढे ती किरकोळ.) साध्या पंख्यावर चालू-बंद करणारा रिले लावला तरी वेग रेग्युलेटरवरच राहतो, हे बसवणाऱ्याने तुम्हाला सांगितलं होतं का, कोण जाणे.

सासूबाईंचा मुद्दा मी बचतीच्या तराजूत टाकत नाही, टाकूही नये. रात्री अंधारात पडण्याचा धोका टाळणं हा खर्च स्वतःच्या पायावर उभा आहे. मात्र त्यासाठी चौदा पॉइंट लागत नाहीत. त्यांच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर हालचाल ओळखून लागणारा एक दिवा पुरे. त्यात ॲप नाही, वाय-फाय नाही, अंधारात मोबाइल शोधणं नाही. त्यांना पलंगावरूनच खोलीचा दिवा हवा असेल तर तिथे एक रिले आणि उशाशी एक बिनतारी बटण लावा. हा तुमचा दुसरा रिले. तो वीज वाचवणार नाही आणि त्याने वाचवावी अशी अपेक्षाही ठेवू नका.

गिझरचा रिले बसवताना मात्र काटकसर करू नका. 230 व्होल्टवर दोन किलोवॉट म्हणजे जवळपास पावणेनऊ अँपिअर. मॉड्यूलवर '10 अँपिअर' छापलेलं असलं तरी बंद डबीत, कोंडलेल्या उष्णतेत, रोज काठोकाठ भार वाहून संपर्क झिजतात. कधी ते एकमेकांना चिकटून बसतात. मग ॲप 'बंद' दाखवतं आणि गिझर चालूच असतो. तुमच्या सगळ्या बचतीचं उत्तर तिथेच शून्य होतं, धोका आहेच तो वेगळा. एमसीबी यातून वाचवत नाही, कारण भार त्याच्या मर्यादेतच असतो. गिझरचा भार कॉन्टॅक्टरने (मोठा भार पेलणाऱ्या दणकट विद्युत स्विचने) उचलावा आणि रिलेने फक्त त्या कॉन्टॅक्टरला हुकूम द्यावा, अशी जोडणी मागा. ॲपमध्ये वीज जाऊन परत आल्यावरची स्थिती 'बंद' अशी निवडा, नाहीतर दुपारी वीज आली की रिकाम्या घरात गिझर पुन्हा पेटेल. आणि हे सगळं नको असेल तर गिझरच्या भारासाठीचा साधा टायमर-स्विच घ्या. मोबाइलवर दिसणार नाही, पण तुमच्या शंभर युनिटांचं काम तोही करतो.

आणखी एक खर्च कोटेशनमध्ये नंतर उगवतो. बहुतेक रिलेंना स्विचबोर्डाच्या डबीत न्यूट्रल (परतीची तार) लागतो, आणि जुन्या वायरिंगमध्ये तिथे फक्त फेज (वीज आणणारी तार) आणलेला असतो. न्यूट्रल नवीन ओढावा लागला की मजुरी वाढते. बिनन्यूट्रलची मॉड्यूल मिळतात, पण ती दिव्यातूनच थोडासा प्रवाह सोडत स्वतःला जागं ठेवतात, त्यामुळे छोटे एलईडी बंद असतानाही मिणमिणतात किंवा लुकलुकतात. मग दिव्याला समांतर एक बायपास (त्या प्रवाहाला वेगळी वाट देणारा छोटा भाग) लावा, असं सुरू होतं. काम सुरू करण्याआधी वायरमनकडून डबी उघडून दाखवून घ्या. मुख्य स्विच बंद करून, टेस्टर लावून, त्यानेच. हे व्हिडिओ पाहून स्वतः करायचं काम नाही.

ऑफर रविवारी संपतेय म्हणता, तर संपू द्या. त्याच माणसाकडून नवीन कोटेशन मागा: गिझरला कॉन्टॅक्टरसह एक पॉइंट, सासूबाईंच्या खोलीत एक, न्यूट्रल ओढण्याची मजुरी वेगळी लिहून. रक्कम महिन्याच्या शिलकीतून रोख देण्याजोगी आली तर काम करून घ्या. तेवढीही जड वाटली, तर यंदा फक्त सासूबाईंच्या वाटेवरचा दिवा लावा आणि गिझरसाठी घरातल्या एकाच्या मोबाइलवर सकाळी नऊचा गजर.