अंडं अडलंय की मानमोडी?

प्रश्न : डॉक्टर, आमच्या परसात पाच गावरान कोंबड्या आहेत. त्यांतली तांबडी कालपासून पिसं फुलवून, शेपूट पाडून उभी असते. सारखी खुराड्यात जाते, बसते, जोर करते, उठते, पण अंडं नाही. दाण्याला तोंड लावत नाही, पांढरं पातळ शिटते. अंग हाताला तापलेलं लागतं. बाकीच्या चारही ठीक आहेत. सासूबाई म्हणतात मानमोडी आहे, आजच कापून टाका. शेजारच्यांनी टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून दिलीय. काय करू?
— एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : ताई, कॅप्सूल बाजूला ठेवा आणि सुरीही. तुम्ही जे नीट पाहून लिहिलंत त्यावरून मला तरी आधी अंडं अडल्याचाच संशय येतो. मानमोडी, म्हणजे रानीखेत, एका खुराड्यात एकीवर थांबत नाही. हिरवट पातळ हगवण, चोच उघडी टाकून श्वास, लुळे पडणारे पाय, पिळवटलेली मान, आणि एकीपाठोपाठ दुसरी. तरीही सुरुवात कुठून तरी होतेच, म्हणून तांबडीला आत्ताच वेगळ्या डालग्याखाली ठेवा. तिचं पाणी वेगळं, आणि तिचं सगळं शेवटी करून हात साबणाने धुवायचे.

तापाचं म्हणाल तर कोंबडीचं अंग मुळातच ४१-४२ अंश सेल्सिअस असतं. धडधाकट कोंबडीही आपल्या हाताला गरमच लागते. पांढऱ्या शिटेचंही तसंच. कोंबडीला वेगळी लघवी नसते, तो पांढरा भाग म्हणजे तिची लघवीच. पोटात दाणा नसला की नुसतं तेवढंच पडतं.

आता तिला हातात घ्या. औषध देण्याआधी कोंबडी चाचपून बघणारी माणसं मला फार थोडी भेटतात, आणि निम्मं निदान तिथंच असतं. पंख अंगाशी दाबून, तोंड तुमच्या पाठीकडे करून काखेत धरा. तुरा फिकट की काळपट? नाकातून, डोळ्यांतून पाणी? गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपा. सकाळी दाणा टाकण्याआधी ती रिकामी हवी. रात्रभरानंतरही ती घट्ट असेल, किंवा लिबलिबीत होऊन तोंडाला आंबूस वास येत असेल, तर दुखणं तिथं आहे. पिसं उलटी करून उवा बघा. मग शेपटीखाली. शिटायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं लागतील. ती आणि छातीचं हाड यांच्यामध्ये पोटावर बोटं अलगद ठेवा. आत लिंबाएवढं कठीण काही लागलं, तर ते अंडं. दाबून खात्री करू नका! आत फुटलेल्या अंड्याने पोटात पू होतो आणि मग कोंबडी वाचवणं अवघड.

अंडं लागलं तर टबात कोमट पाणी घ्या, कोपराला सोसेल इतपत. तिचं पोट बुडेल असं पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवा. सुरुवातीला फडफडतील, मग बहुतेक जणी शांत होतात. बाहेर काढून नीट कोरडी करा, कारण आपल्याकडच्या दमट हवेत ओली कोंबडी गारठते. शेपटीखालच्या जागेला स्वच्छ बोटाने थोडं खोबरेल लावा. मग दुरडीत पेंढा घालून, वरून फडकं टाकून, अंधाऱ्या उबदार कोपऱ्यात एकटी राहू द्या. सारखं उघडून बघू नका. दोन-तीन तासांत अंडं आलं नाही तर शेक पुन्हा द्या. पाण्याचं भांडं तोंडाजवळ असू द्या, पण चोच फाकवून तेल किंवा काढा ओतू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं, ओतलेलं सरळ फुप्फुसात जातं.

उद्या सकाळपर्यंत अंडं आलं नाही, किंवा त्याआधीच ती मलूल होऊन पडली, मागून लाल मांस बाहेर आलं, रक्त दिसलं, तर दवाखान्यात न्या. कॅल्शियमचं इंजेक्शन बऱ्याचदा काम करतं, ते मात्र घरी देण्यासारखं नाही. नेणं जमत नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ ला फोन लावा.

कॅप्सूल का नको? अडलेलं अंडं प्रतिजैविकाने सुटत नाही. मानमोडी विषाणूची, तिलाही ते लागू पडत नाही. दिलीच असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडी खाऊ नका, मुलांना तर मुळीच देऊ नका.

ही वेळ का आली, ते बहुधा तुमच्या दाण्याच्या डब्यात सापडेल. कोकणात कोंबड्या तांदळाच्या कण्या आणि कोंड्यावर वाढतात, आणि त्यात कॅल्शियम नावापुरतं. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. खाण्यातून मिळालं नाही की ती स्वतःच्या हाडांतून काढते, आणि अंडं पुढे ढकलणाऱ्या स्नायूंनाही ते कमी पडतं. तिसऱ्यांची कालवणं तुमच्याकडे होतातच. त्या शिंपल्या धुऊन, कडक उन्हात वाळवून, जाडसर कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. दाण्यात मिसळू नका. जिला हवं ती आपणहून खाते.

प्रश्न : मानमोडीची लस घरच्या चार-पाच कोंबड्यांना परवडते का? आणि ती केव्हा द्यायची?
— एक वाचक, वाई

उत्तर : एकट्याने नव्हे, वाडीने मिळून द्या. लशीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते आणि पातळ केल्यावर ती दुसऱ्या दिवशी चालत नाही. पिलाला पहिल्या आठवड्यात लासोटा या लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आरटूबी या दुसऱ्या लशीचं इंजेक्शन. दवाखान्यातून आणताना थर्मासमध्ये बर्फ हवाच. लासोटा पिण्याच्या पाण्यातून देणार असाल तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेलं नळाचं पाणी घेऊ नका, त्याने लस मरते. विहिरीचं चालेल. आजारी दिसणाऱ्या कोंबडीला त्या दिवशी वगळा. आणि गावात मर सुरू झाली असेल तर आठवडी बाजारातून नवी कोंबडी आणू नका. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकायची नाही. खोल खड्ड्यात चुना घालून पुरा, आणि चार-सहा एकदम मेल्या तर पुरण्याआधी दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला होता, म्हणून अशी मर घरातच मिटवायची नसते.