जात बिघडली नाही, खुंट फुटलाय

दादा, बांधावरच्या गावठी बोरींवर उमराण जातीचे डोळे भरले (म्हणजे उमराणच्या फांदीवरचा डोळा गावठी झाडाच्या सालीत बसवला), दोन वर्षं बोरं झकास आली आणि यंदा गोटीएवढी, आंबटढाण लागली, असं तुम्ही लिहिलंय. माझं अगदी हेच झालं होतं. डोळा भरायचं तुम्हाला येतंच, ते सोडतो.

मला एक सांगा, गेल्या मे महिन्यात छाटणी कुणी केली? माझ्याकडे नवीन गडी होते. जोडावर, म्हणजे डोळा बसवला त्या जागेवर, मी खूण केली नव्हती. त्यांनी कोयता जोडाच्या खालून चालवला. पाऊस पडल्यावर फुटलं ते सगळं खुंटाचं, म्हणजे खालच्या मूळ गावठी झाडाचं. पान बारीक आणि काटे जास्त, तरी माझ्या लक्षात आलं नाही.

पण ती माझी खरी चूक नव्हेच. मी एका कार्यालयात विचारायला गेलो. साहेबांनी झाड न बघताच सांगितलं, "जात बिघडली, उपटा, नवीन कलमं लावा." मी शहाण्यासारखा जेसीबी बोलावला! चाळीस झाडं, पंधरा-पंधरा वर्षांची मुळं मुरमात खोल गेलेली. त्यांच्या जागी पिशवीतली कलमं लावली. बोरीचं सोटमूळ पिशवीत वेटोळं होतं, ते पुढे सरळ खाली जाईना. दुसऱ्या उन्हाळ्यात निम्मी वाळली. फळमाशीनंही माझं एवढं नुकसान कधी केलं नाही. जाऊ दे.

तुम्ही उपटू नका. आधी बुंधा नीट बघा, जोडाच्या वर उमराणची एखादी फांदी जिवंत असेल तर तीच ठेवा, खालचे फुटवे काढा. काहीच नसेल तर एप्रिल-मेमध्ये बुंधा कापा, पेन्सिलीएवढे जोमदार दोन-तीन फुटवे राखा आणि जुलैत पुन्हा डोळे भरा. डोळा फुटला की खुंटाचा वरचा शेंडा छाटा. त्यानंतर खालचे फुटवे दर पंधरा दिवसांनी हातानं मोडायचे, कोवळे असतानाच. आणि जोडाला ऑइल पेंटचा पट्टा मारा, गडी कुणीही येवो.

माझं रान नगरकडचं, हलकं. काळ्या जमिनीत फुटवे किती जोर धरतात ते मी पाहिलेलं नाही, तेवढं धरून चाला.

छाटलेला पाला शेळ्यांना टाका, काटेरी फांद्या कुंपणाला लावा. आणि घरी खायला एका खुंटावर मेहरूण जातीचा डोळा भराच. बाजारात उमराण चालतं, पण चवीला ते मेहरूणच्या जवळपासही येत नाही, हे माझं मत. उमराणवाले भांडतील.